मागच्या गल्लीतली बाळंतीण

सकाळी सात वाजता माझी आई दुसऱ्या बाईची पाठ चोळायला घराबाहेर पडायची आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या बाईच्या नावानं बोटं मोडायचे. हे ऐकून कुणाला मी वाईट वाटले तर वाटू दे. मला तेव्हा बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते, पोटावर टाके होते, एप्रिलचं सोलापूर तव्यासारखं तापलं होतं, आणि मला माझी आई हवी होती. वय वर्षं एकतीस, माढ्याच्या तहसील कचेरीत लिपिक, एका मुलाची आई, आणि मागणं काय, तर आई हवी.

त्या बाईचं नाव रेश्मा. ती आमच्या मागच्या गल्लीत राहायची. मी तिला एकदाच पाहिलं होतं, माहेरी आले त्या आठवड्यात, आमच्या गच्चीवरून. सहा-सात महिन्यांचं पोट सांभाळत ती दोरीवर चादर वाळत घालत होती. पुढं आमच्या दोघींची बाळंतपणं चार दिवसांच्या फरकानं झाली. तिची सरळ सुटका झाली, माझं सिझर झालं. तिला मुलगी, मला मुलगा.

माझ्या आईचं नाव मीनाबाई, आणि कुमठा नाक्याच्या आमच्या भागात हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणं हे तिचं तीस वर्षांचं काम. इथली अर्धी कॉलेजची पोरं तिच्या पायांवर आडवी पडून मोठी झालीत. मी शाळेत होते तेव्हा सकाळी आई घरात कधी नसायचीच. माझी वेणी अण्णा घालायचे. माझे वडील हरिदास, होटगीच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते, आणि वेणी अशी आवळायचे की दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या. आई कुठल्या तरी बाईच्या कमरेला तेल लावत असायची. तेव्हापासून मी मनाशी धरून ठेवलं होतं की मी बाळंत होईन तेव्हा माझा नंबर लागेल. त्या वेळी आई कुठंही जाणार नाही. सव्वा महिना ते हात फक्त माझे.

माझा नंबर आला तेव्हा खिडकीवर भलतीच बाई उभी होती.

त्याचं असं झालं. आईचा एक नियम होता, तो कुठून आला ते तिलाच ठाऊक. एका वेळी एकच ओली बाळंतीण हाताखाली घ्यायची. एकीच्या अंगाचं तेल दुसरीच्या अंगाला लागता कामा नये. बाळांना हा नियम नाही, फक्त आयांना. मी दवाखान्यातून घरी आले त्याच संध्याकाळी रेश्माची सासू सोजरबाई आमच्या दारात आली. सांगोल्याकडची माणसं, शेती सोडून पोराच्या नोकरीपायी शहरात आलेली. तिच्या गावाकडं माझ्या आईला अंगणाच्या पुढं पाय टाकू दिला नसता, आणि इथं बाई उंबऱ्यावर हात जोडून उभी.

"मीनाबाई, माजं गुडगं गेल्यात. पोरीला आई न्हाय. तुमीच बगा आता."

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हिचं पोट फाडलंय. हिला सव्वा महिना हात लावायचा न्हाय. येते की मी उद्यापासनं."

एवढ्यात उरकलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आई नसलेल्या पोरीचा हेवा करायचा नसतो, म्हणून मी बोलले नाही. हेवा मात्र पोटभर केला.

बाराव्या दिवशी टाके दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम छान सुकलीय. आंघोळ करा. पोट सोडून बाकी अंगाला तेल लावलं तरी चालेल." आई माझ्या शेजारीच उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. ती भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होती, आणि तिला वाचता येत नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "डाक्टरला काय कळतंय!" आणि रिक्षाला हात केला.

मग रोजचं सुरू झालं. सातला आई तेलाची बाटली घेऊन निघायची. लसूण आणि ओवा घालून कढवलेलं तेल ते. आठ-साडेआठला परत यायची, पदर ओला, पायाची बोटं पांढरी पडलेली, आणि साऱ्या अंगाला त्या तेलाचा वास. मला बाळाच्या दुधाचा वास यायचा नाही, पण आईच्या हाताचा तो वास स्वयंपाकघरातून यायचा. मी घड्याळ बघायची सवय लावून घेतली. पहिल्या आठवड्यात आईला एक तास लागायचा. दुसऱ्या आठवड्यात सव्वा. मग दीड. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावणाऱ्या बायका असतात ना, तशी माझी गत झाली, पण आईच्या बाबतीत.

"आज उशीर झाला," मी म्हणायचे.

"तिच्या कमरंत चमक हाय."

"माझ्याबी कमरेत आहे."

"तुला दवाखान्यात पाठीत सुई दिल्याली, तिची कळ असती ती. जाती."

म्हणजे रेश्माची ती चमक आणि माझी ती सुई. रेश्माला शेगडीचा शेकसुद्धा मिळायचा. त्या उकाड्यात, बेचाळीस डिग्रीत, शेगडीपुढं बसणं ही शिक्षाच, पण मला ती शिक्षासुद्धा हवी होती. आमच्या घरी नळाला पाणी चार दिवसांआड, रेश्माकडं बोअर. ती खुशाल हंडा हंडा पाणी अंगावर घेत असेल आणि हसत असेल, असं मला दिसायचं. तिचे केस लांब असतील असंही मी ठरवून टाकलं होतं. मी मात्र स्टुलावर बसून स्वतःच्या हातानं चार तांबे घ्यायचे आणि परत येऊन झोपायचे.

आणि बाळ? बाळाचं आता सांगायलाच हवं, कारण खरं दुखणं तेच होतं.

बाळाला बघून मला काही वाटायचं नाही. राग नाही, माया नाही, काहीच नाही. ते रडलं की माझ्या हातापायांतलं बळ जायचं. दूध कमी पडलं म्हणून वरचं चालू केलं, तर ते अण्णांच्या हातून बाटली घटाघटा प्यायचं. आईच्या पायांवर न्हाताना ते रडायचंसुद्धा नाही. गरम पाणी पाठीवर पडलं की डोळे मिटून पडून राहायचं. मी दारातून बघायचे. आईचा एक तळवा त्याच्या पाठीएवढा. सगळी पाठ त्यात मावायची. मी माझ्या तेवीस दिवसांच्या पोराकडं बघून जळायचे. त्याच्याएवढं व्हावं आणि तिथं पालथं पडावं, असं वाटायचं. आई असून असं वाटतं हे मी कुणाला सांगणार होते?

सगळे चांगले होते, हीच तर पंचाईत. माझा नवरा सुमित माढ्याला शाळेत शिकवतो. दर शनिवारी यायचा आणि म्हणायचा, "तू आराम कर, आम्ही आहोत ना." अण्णा म्हणायचे, "पड तू, मी बघतो त्याला." मी थकलेली दिसले की बाळाला उचलून बाहेर न्यायचे. जितकी मी पडून राहायचे तितकं ते माझ्यापासून लांब जायचं, आणि जितकं ते लांब जायचं तितकं मला उठावंसं वाटायचं नाही. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "मुलगा झालाय, आता काय कमी हाय?" मी म्हणायचे, काही नाही.

रडायचा प्रयत्न मी एकदा केला होता. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी. आई बाळाचे कपडे घडी घालत होती आणि मला एकदम हुंदका आला. आई ताठ झाली. "उगी, उगी. वल्या अंगानं रडू नगो, दूध आटतं," म्हणाली, आणि घड्या अर्धवट टाकून स्वयंपाकघरात निघून गेली. आत जाऊन तिनं मिक्सर लावला. त्या वेळी वाटायला काही नव्हतं घरात. त्यानंतर मी रडले नाही. भिंतीकडं तोंड करून झोपायला लागले.

तेविसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता बाळ रडायला लागलं. अण्णांनी बाटली दिली, खांद्यावर घेतलं, खोलीत फेऱ्या मारल्या. ते थांबेना. शेवटी अण्णा दारात येऊन म्हणाले, "प्रिया, जरा घेतीस का गं?" मी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. ऐकू आलं नाही असं दाखवलं. अण्णा बाहेर गेले.

तेव्हा मला वाटलं, मी नसले तर बरं. हे पहिल्यांदा वाटलं नव्हतं. चार दिवस रोज वाटत होतं. अण्णा आहेत, आई आहे, सुमित आहे. बाळाला बाटली लागते, ती कुणीही धरतं. माझ्यावाचून इथलं काही अडत नाही. हा विचार यायचा तेव्हा भीती वाटायची नाही, उलट हलकं वाटायचं. आता ते आठवलं की मला घाम फुटतो. पण तेव्हा हलकं वाटायचं, हे खरं आहे.

मग माझी नजर घड्याळाकडं गेली. पावणेनऊ.

पावणेनऊ! आई अजून आली नव्हती. इकडं तिची लेक या थराला आलेली आणि तिकडं ती त्या सांगोलकरणीच्या कमरेची चमक काढत बसलेली. जीव नकोसा झालेल्या बाईनं घड्याळ बघायचं कारण नव्हतं, पण मी बघितलं, आणि असा संताप आला, असा संताप आला, की मी उठून बसले. तीन आठवड्यांत मला पहिल्यांदा कशानं उठवलं असेल तर त्या जळफळाटानं.

मी अण्णांच्या चपला घातल्या आणि गाऊनवरच बाहेर पडले. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. कानाला फडकं बांधल्याशिवाय तर दारातही येत नाही. शेजारची शिवम्मा दारात बसून भांडी घासत होती, तिच्या हातातली कढई सुटली.

"अय्यो, संघप्रिया! कुठं चाललीस? कान तरी बांध की!"

टाके ओढत होते, ऊन डोळ्यांत घुसत होतं, आणि माझ्या डोक्यात फक्त एक चित्र होतं. रेश्मा हसतेय आणि माझी आई तिचे लांब केस पुसतेय. मी जाऊन तिथं तमाशा करणार होते. काय बोलायचं ते मी चालता चालता जुळवत होते.

सोजरबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला टाकलं आणि दोन्ही हात आडवे धरले.

"आगं आगं, तितंच थांब! तू वली, ती वली. दोगी समोरासमोर आल्या की दूध जातं!"

"माझं आधीच गेलंय," मी म्हणाले आणि तिच्या हाताखालून आत शिरले. तिचे गुडघे गेलेले. ती काय अडवणार?

घराच्या मागं परस होतं. तिथं चुलीवर पाण्याचा हंडा, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या दाराची न्हाणी. दार लावलेलं होतं. मी ते लाथेनं उघडणार होते. आतून आवाज आला म्हणून थांबले.

आत कुणीतरी रडत होतं. मुसमुसत नव्हतं, पदर तोंडात धरूनही नव्हतं. मोठ्यानं, भोकाड पसरून. आणि ते रडणं मध्येच पाण्याच्या आवाजात बुडत होतं. तांब्यामागून तांब्या, भडाभडा.

"रड," माझी आई म्हणत होती. "रड, माजे माय. हितं कोन बगत न्हाय. मी पानी वतते, भाईर आवाज जात न्हाय. सगळ्या हितंच रडत्यात. रड."

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. आईचा असा आवाज मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. माजे माय. मला ती कधी माजे माय म्हणाली नव्हती. तेल गेलं, शेक गेला, हात गेले, ते सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण रडायची मुभा? ती हिला, आणि मला मिक्सर?

मी पत्र्यावर थाड थाड मारलं. "आई! बाहेर ये!"

आतलं पाणी थांबलं. दार किलकिलं झालं आणि आई बाहेर आली. कासोटा मारलेला, कोपरापर्यंत तेल, कपाळाला केस चिकटलेले. 

"तू हितं कशी? बाळ कुटं हाय?"

"बाळ अण्णांजवळ आहे. बाळाला काही झालं नाही. मला विचार की! मला काय झालंय ते विचार!"

"प्रिया, घरी चल. लोक ऐकत्यात."

"ऐकू देत. हिला रड म्हणतेस. माझं दूध आटतं आणि हिचं आटत नाही होय?"

"तुझं टाकं..."

"टाके सुकले! बाराव्या दिवशी सुकले, डॉक्टरीणबाई तुझ्यासमोर म्हणाल्या. पाठीला टाके होते का माझ्या? डोक्याला होते? एक दिवस, आई, एक दिवस नुसतं डोकं धुतलं असतंस."

आईच्या हातांवरून तेल आणि पाणी फरशीवर ठिबकत होतं. आणि मग जे बोलायला मी आलेच नव्हते ते माझ्या तोंडून निघालं.

"मला ते बाळ नकोय, आई. त्याला बघून मला काही वाटत नाही. मला काहीच नकोय. चार दिवस झाले, मी नसले तर बरं असं वाटतंय मला."

बोलले आणि मला माझ्याच आवाजाची भीती वाटली. मागं परसाच्या दारात सोजरबाई येऊन उभी राहिली होती.

आई धुण्याच्या दगडावर बसली.

"एक हुती," ती म्हणाली. "लई वर्सं झाली, तू बालवाडीत असशील. होटगीकडची. माज्या हाताखाली हुती. रडायची न्हाय, बोलायची न्हाय. भिताडाकडं तोंड करून निजायची. मी समद्यास्नी सांगायची, लई गुणाची हाय, काय तरास न्हाय तिचा. एकविसाव्या दिशी हिरीत घावली."

तिनं तेलकट हातांनी तोंड पुसलं.

"तू दवाखान्यातनं आलीस, रडायला लागलीस, अन् मी तुला गप केलं. मग तू भिताडाकडं तोंड केलंस. तवाच मला कळलं."

"कळलं? आणि मग?"

"भ्याले."

"मला?"

"व्हय, तुलाच. जी रडती तिचं मला काय वाटत न्हाय. दुसऱ्याची लेक रडती, मी पानी वतते अन् माज्या घरी येते. तू रडाय लागलीस तर मी कुटं जाऊ? माजं घर तर तितंच हाय."

म्हणजे इतके दिवस मी ज्या दीड तासाचा हिशेब ठेवत होते, त्या दीड तासात ती रेश्माकडं जात नव्हती. माझ्यापासून पळत होती. रेश्माची कंबर तर बरी होऊन आठवडा झाला असेल. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं का? वाटलं नाही. पण ती आता पळत नव्हती, एवढं मला दिसलं.

न्हाणीतून आवाज आला, ओला, नाक चोंदलेला. "मावशी, जावा तुमी. माजं मी वतून घेते."

आईनं मान वर केली.

"जावा की. ताईस्नी घिऊन जावा." मग मला म्हणाली, "ताई, मला वाटायचं, तुमाला आई हाय, तुमचं लई भारी चाललं असंल. मावशी रोज तुमचंच सांगत्यात. प्रियानं आज कायच खाल्लं न्हाय, प्रिया आज दोन घास जेवली. तेल मला लावत्यात अन् नाव तुमचं घेत्यात. माजा लई जळफळाट व्हायचा."

पत्र्याच्या दाराच्या फटीतून मला तिचं डोकं दिसलं. केस मानेपर्यंतच होते, शिकेकाईनं माखलेले, आणि डोळे रडून सुजलेले. इतके दिवस जिच्या नावानं बोटं मोडली ती चांगली निघाली, याचाही मला रागच आला.

आम्ही घरी आलो तेव्हा बाळ अण्णांच्या छातीवर झोपलं होतं. आईनं पिंपातलं पाणी काढून गॅसवर ठेवलं. पुढचं पाणी दोन दिवसांनी येणार होतं, तरी तिनं मोठं पातेलं भरलं. मग तिनं कोपरापर्यंत हात साबणानं तीनदा धुतले. रेश्माचं तेल मला लागू नये म्हणून. त्याही अवस्थेत तिचा नियम सुटला नाही.

तिनं मला स्टुलावर बसवलं, मानेपासून कमरेपर्यंत तेल लावलं. तिचा हात पाठीवर पडला तेव्हा मला काहीच वाटलं नाही, आणि मी घाबरले, की आता हेही गेलं. मग तिनं माझं डोकं धुतलं. तिसरा तांब्या मानेवर पडला आणि माझ्या पोटातून, टाक्यांच्या खालून कुठून तरी, आवाज निघाला. तो माझा आवाज आहे हे मला ओळखू आलं नाही. आई रड म्हणाली नाही. तीच रडत होती. तांब्यातलं अर्धं पाणी माझ्या अंगावर यायच्या ऐवजी फरशीवर सांडत होतं.

त्याच दिवशी दुपारी आईनं ठेवणीतली साडी नेसली आणि मला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मी तोंड उघडायच्या आधी तिनंच सगळं सांगितलं. भिंतीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, मिक्सरचंसुद्धा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मला दोन-तीन गोष्टी अगदी सरळ विचारल्या, मीही सरळ उत्तरं दिली. त्यांनी लगेच मनाच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्याकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. हा आजार आहे, पुष्कळ बायकांना होतो, बरा होतो, पण तिला एकटं सोडू नका आणि बाळाला तिच्यापासून तोडू नका, असं त्यांनी आईला बजावलं. आई म्हणाली, "न्हाऊ घातलं तर चालंल का?"

"घाला की रोज. पण न्हाऊ घातलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत."

"न्हाय करत," आई म्हणाली. "आनी आनखी एक हाय मागच्या गल्लीत. ती रडती, पर तिलाबी सकाळी उटू वाटत न्हाय. तिला आणू का?"

"आणा," त्या म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात मी आईला बोलले, "तिला आणायची एवढी घाई?" आई बाहेर रस्त्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर हसू होतं की काय, मला नीट दिसलं नाही.

बाळाबद्दल त्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. ते पुढं हळूहळू झालं, गोळ्यांना वेळ लागला, मलाही लागला. पण त्या संध्याकाळी अण्णांनी बाळाला उचलून बाहेर नेलं नाही. माझ्या कुशीजवळ ठेवलं आणि स्वतः पायथ्याशी पेपर वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी सातला आई चपला घालून दारात उभी राहिली. हातात तेलाची बाटली. तीस वर्षांत तिनं घराबाहेर पडताना कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी वळून म्हणाली, "जाऊ का?"

मला सगळं माहीत होतं. रेश्माला आई नाही, हे माहीत होतं. ती सकाळपासून वाट बघत असेल, हंडा तापला असेल, सोजरबाई ओट्यावर येऊन गल्लीकडं बघत असेल, हेही माहीत होतं. चांगल्या बाईनं अशा वेळी काय म्हणायचं तेही मला माहीत होतं.

"जा," मी म्हणाले. "पण आधी मला न्हाऊ घाल. तिला थांबू दे."

आईनं चपला काढल्या आणि पाणी तापत ठेवलं.